उजव्या वेलीची पाच पानं

सोमवार, १ तारीख

मी ‘तीन लाल’ म्हटलं की तू तीन लाल मारायचे, एवढा एकच नियम होता आपल्या मागावर. चौथी गाठ नाही, दुसरा रंग नाही, डोकं तर अजिबात चालवायचं नाही. डोकं चालवायला मी होते. आणि तू माझ्या मांडीला मांडी लावून, ‘हो ताई, हो ताई’ करत दोन लाल आणि एक पिवळा मारत होतीस! आज कळलं मला, बावीस वर्षांनी. वर तूच माझ्यावर रुसून बसली आहेस. रुसायचं कुणी आणि रुसलंय कोण!

मायना घातला नाही म्हणून नाक मुरडू नकोस. सप्रेम वगैरे लिहायला घेतलं असतं तर पहिल्याच ओळीत खोटं झालं असतं. पत्ता तुझ्या लेकीकडून घेतला. तिला ओरडू नकोस. देतच नव्हती, ‘मावशी, आई चिडेल’ म्हणाली. मी म्हटलं, चिडू दे, तिचं काय नवीन आहे. फोन करणार नाही मी. तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही.

कळलं कसं ते सांगते. माझी बोटं गेली. सांधे सुजून लाडवाएवढे झालेत, लोकर कापायची सुरी मुठीत राहत नाही. कारखान्यात तरी हातमाग कुठे उरलेत? बाराचे चार झाले, ते चारही वर्षअखेर मोडणार. थोरले मालक गेले. मुलाला गालिच्यात काडीचा रस नाही, सगळं सूनबाई बघतात. तिशीतली पोरगी, पण डोकं जागेवर आहे. तिनं ठरवलं की माग मोडायच्या आधी जुन्या सगळ्या नक्षींची चित्रं कॉम्प्युटरवर काढून ठेवायची. ती गिरणीला जाणार, तिथे त्यांच्यावरून यंत्र गालिचे विणणार. गाठींच्या नकाशाचे जुने कागद निम्मे उंदरांनी खाल्ले, निम्मे भिजून चिकटले. नक्षी तोंडपाठ असलेली मी एकटी उरले, म्हणून मला बसवलं. तिसरी पास बाई कॉम्प्युटरपुढे! हस, हस तू.

पहिले चार दिवस मी त्या माऊसचा गळा आवळून बसले होते. सूनबाई म्हणायची, ‘काकू, सैल धरा, तो पळत नाहीये.’ मी म्हटलं, ‘पळत नाही तर मग तो बाण कुठे गेला, ते दाखव आधी.’ पण एकदा हात बसल्यावर काम ओळखीचं निघालं. पडद्यावर बारीक चौकटी असतात, आपल्या नकाशाच्या कागदावर असायच्या तशाच. एक चौकट म्हणजे एक गाठ. रंग उचलायचा, चौकटीत टिचकी मारायची. लोखंडी पंजाने गाठी ठोकायला नको, नाकातोंडात लोकर नको, कंबर मोडायला नको. कंबर मोडते तरी, ते वेगळं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. निम्मीच नक्षी काढायची! ‘काकू, डावी पुरे, उजवी आपोआप येते,’ सूनबाई म्हणाली. तिने माझी बाजू उचलली, कॉपी केली, आडवी उलटवली आणि शेजारी ठेवली. खटकन. तुझं महिन्याभराचं काम पापणी लवायच्या आत. मी म्हटलं, हे बरं आहे, याला तोंड नाही.

तीन नक्षी झाल्या अशा. चौथी आपली, वेलीची, शेवटची. तिचा कागद सापडला नाही, पण गालिचा आहे. मालकांच्या दिवाणखान्यात अजून अंथरलेला आहे. विकला नाही त्यांनी. सूनबाईने शिडीवर चढून वरून त्याचा फोटो काढला आणि पडद्यावर पसरला. त्याच्यावर काचेसारखा एक थर ठेवतात, लेयर म्हणतात. त्या थरावर गिरवायचं, म्हणजे खालचं खाली राहतं. मी डावी वेल गिरवली, नऊ पानं. उलटवून उजवीकडे ठेवली. खालचा फोटो दिसावा म्हणून थर पातळ केला.

बसेना. किनार बसली, मधलं फूल बसलं, देठ बसला, पानं काही बसेनात. सूनबाईला वाटलं फोटो तिरका आलाय, बिचारी पुन्हा शिडीवर चढली. तरी तेच. मग मी चष्मा पुसला आणि गाठी मोजल्या. माझं प्रत्येक पान सात गाठी रुंद, शेंड्याला तीन लाल. तुझं पहिलं पान सात. दुसरं आठ आणि शेंड्याला एक पिवळी गाठ. तिसरं नऊ, पिवळ्या दोन. चौथं दहा, पिवळ्या तीन, लाल उरलाच नाही. पाचवं अकरा, पिवळ्या चार. म्हणजे माझ्या वेलीला तळापासून वरपर्यंत एकच पान नऊ वेळा, आणि तुझं पान उघडत चाललेलं.

पाचव्यानंतर पुन्हा सात गाठी, तीन लाल. सहावं, सातवं, आठवं, नववं, सगळी शहाण्यासारखी. कारण ती माझी. तू गेल्यावर उजवी बाजू मीच पुरी केली.

पानं बदलताना विचारलं होतंस मला? गाठी सैल होत्या म्हणून मी तुझी चार बोटं पट्टी उसवली, तर अख्ख्या कारखान्यासमोर उठून गेलीस, जशी काही मी तुझी वेणीच कापली. आणि नियम मोडला होतास तू!

आता कामाचं. काम आहे म्हणून विचारतेय, माया आली म्हणून नाही. सहाव्या पानापासून वर तू काय करणार होतीस?

ताई


मंगळवार, ९ तारीख

आठ दिवस झाले. पत्र मिळालं का मिळालं नाही, एवढं तरी कळव. तुझ्या लेकीला विचारलं. म्हणाली, ‘मिळालं. आईने दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं.’ म्हणजे जिवंत आहेस, वाचतेस आणि उत्तर देत नाहीस. लहानपणी अशीच करायचीस. हाक मारली की ऐकू यायचं, ओ द्यायची नाहीस.

इथे माझा जीव टांगणीला लागलाय. सूनबाईला मी आपली साधी उलटवलेली वेल दाखवली, दोन्हीकडे माझीच. छान झालीय म्हणाली. मग खालचा फोटो बघत बसली. बघत बसली ती बसलीच. ‘काकू, फोटोत उजवीकडची खालची पाच पानं वेगळीच आहेत हो. जिवंत वाटतात. आपण तशीच ठेवू या का? आणि वरची चार पण त्याच चालीने करू या.’ मी म्हटलं, ‘ती चूक आहे, विणताना झालेली.’ ती म्हणाली, ‘अशी चूक मला रोज करता आली तर!’

बरं. केलं. मला काय, मोजता येतं. पाचवं अकरा गाठींचं, तर सहावं बाराचं, सातवं तेराचं, पिवळ्या एकेक वाढवत न्यायच्या. केलं आणि बघितलं. वर कोबीचे गड्डे लटकलेत असं दिसायला लागलं. नववं पान तर किनारीत घुसलं. सूनबाईने तोंडावर हात धरला. मी म्हटलं, ‘हस, हसू दाबू नकोस, पोटात दुखेल.’ मग उलट केलं, सहाव्यापासून एकेक गाठ कमी करत गेले. ती वेल आजारी दिसली. मग सूनबाईने केलं, तिच्या मनाने, वाकडी पानं काढून. ती बरी होती, पण ती तिची होती. खालच्या पाचांशी बोलत नव्हती.

तीन दिवस याच्यात गेले. बाकी चित्र तयार आहे. झालर मी काढली. एक दोरा काढायचा आणि तोच ओळीने चिकटवत जायचा, असं सूनबाईने दाखवलं. पण मग ती कंगव्यासारखी दिसते. मी एकेक दोरा हाताने वाकडा केला, दोनशे चाळीस दोरे. लोकर वाटावी म्हणून वरून बारीक भुरभुर टाकतात, ती टाकली. रंग थोडे विटवले, कारण नवा लाल डोळ्यात जातो. असं वाटतं हात फिरवावा. मी फिरवला, तर काच गार लागली.

चित्र शनिवारी, वीस तारखेला गिरणीला जायचंय. एकदा गेलं की गेलं. यंत्र त्याच्यावरून शेकडो विणणार, आणि आपला तो वेलीचा गालिचा म्हणजे तेच, असं लोक धरून चालणार. दिवाणखान्यातला तर झिजत आलाय, मालकांच्या खुर्चीने एक कोपरा खाल्लाय. प्रत्येक चित्राखाली नक्षी कुणाची, त्याची चिठ्ठी असते. सूनबाईने तिथे माझं नाव घातलं. मी नको म्हटलं नाही. का म्हणावं? रंग मीच सांगत होते.

आई असती तर तिला विचारलं असतं. ती गालिच्याच्या मागच्या बाजूने हात फिरवून सांगायची कुठे काय बिघडलंय ते. सात वर्षं झाली तिला जाऊन. तू आलीस, दारात उभी राहिलीस, चपलासुद्धा काढल्या नाहीस. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तू शेजारणीकडे पाणी मागितलंस. ते मी विसरले नाही. पण त्याचं आता काय! आता पानांचं बोल. चार पानं राहिलीत. कागदावर चार रेघोट्या मारून पाठव. एवढं सांगायला काय तुझ्या खिशाला भोक पडतं?

ताई


गुरुवार, १८ तारीख

तुझं कार्ड आलं. चार शब्द. बावीस वर्षांनी चार शब्द लिहिलेस, त्यातही मायना नाही, सही नाही.

‘तुला तेव्हाच दिसलं होतं.’

सकाळी कारखान्यात निघताना पोस्टमनने हातात दिलं. मी जिन्यातच वाचलं. मग कारखान्यात गेलेच नाही. सूनबाईला सांगितलं डोकं दुखतंय. खोटं नाही, दुखतंय.

हो. दिसलं होतं.

हातभर अंतरावर बसून तू काय मारतेस ते मला दिसणार नाही होय? दुसऱ्या पानाची पहिली पिवळी गाठ मारलीस तेव्हाच दिसली. मी ओरडणार होते. मग म्हटलं, बघू, किती धीर आहे हिचा. तिसरं झालं, चौथं झालं. मी रंग सांगत राहिले, तू ऐकत राहिलीस आणि भलतंच मारत राहिलीस. खरं सांगू? त्या दिवसांत मी सकाळी लवकर यायचे, तू यायच्या आधी. तुझ्या बाजूला उभी राहून बघायचे आणि मग माझ्या जागेवर जाऊन बसायचे. तुला कधी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का? म्हणाले असते तर तू शेफारली असतीस. नसतीस शेफारली. मला माहीत नाही.

पाचवं पान झालं त्या दिवशी तो बाहेरचा खरेदीदार आला होता, उंच, पांढऱ्या मिशांचा. तू रंगाच्या शेडमध्ये लोकर आणायला गेली होतीस. तुला हे ठाऊक नाही. ठाऊक असतं तर चार शब्दांवर भागलं नसतं. थोरले मालक त्याला माग दाखवत आले. तो गुडघ्यावर बसला. माझ्या बाजूकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. तुझ्या वेलीवरून खालून वर बोट नेलं आणि पाचव्या पानाशी थांबला. त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मालकांनी विचारलं, ‘हे कुणी केलं, विचारतायत.’

मी म्हटलं, ‘मी.’

एवढंच. पुढे मागे काही नाही. मुद्दाम ठरवून म्हटलं नाही. निघून गेलं तोंडातून, शिंक जाते तसं. त्याने परत विचारलं, पुढे वर काय होणार? मी म्हटलं, ‘बघाल.’ तो हसला. मालक खूश झाले. तो म्हणाला, पुरा झाला की मी स्वतः येऊन नेईन. आणि मालकांनी जाताजाता मला सांगितलं की पहिल्या तारखेपासून बाराही मागांवर तुझी देखरेख. तू लोकर घेऊन आलीस तेव्हा सगळ्या बाया माझं तोंड गोड करायच्या मागे लागल्या होत्या. तूही हसलीस. ‘ताई, आता तू काय आमच्याशी बोलणार!’ म्हणालीस.

मग तू सहावं पान धरलंस. मी लाल म्हणाले आणि तू निळा मारलास.

निळा! त्या अख्ख्या वेलीत निळा नव्हता. मला पुढचं समजेचना. दोन दिवस तू मारत होतीस आणि मी शेजारी बसून रंग सांगत होते. म्हटलं, मालक आता येतील, म्हणतील हा निळा कशाला? हे पान पुढे कुठे जातंय? आणि मला सांगता येणार नाही. माझ्या नावावरचं पान आणि मलाच ठाऊक नाही. तुला विचारावं तर कळणार तुला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुरी घेतली.

गाठी सैल नव्हत्या. सैल गाठ बोटाने निघते. तुझी एकेक गाठ मला सुरीच्या टोकाने उचलून काढावी लागली. सकाळची बसलेली मी दुपारपर्यंत उसवत होते. एवढ्या बाया बघत होत्या, हातांना रोज गाठी मारायची सवय असलेल्या, त्यातल्या एकीच्या लक्षात येऊ नये? आलं असेल. मी देखरेखीवर येणार होते, कोण बोलणार? आणि मी वर ओरडले, ‘हे हात आहेत की पाय?’ सगळ्या हसल्या. तू डावरी म्हणून जास्त हसल्या.

तू भांडली नाहीस. मांडीवरची लोकर झटकलीस आणि म्हणालीस, ‘मग दोन्ही बाजू तूच वीण.’

विणल्या. तो खरेदीदार चार महिन्यांनी आला. गालिचा पुरा अंथरला होता. त्याने खालून वर बघितलं, सहाव्या पानाशी आला आणि उठला. मालकांनी मला सांगितलं नाही तो काय बोलला ते, पण दुभाषाचं काम करणाऱ्या कारकुनाने सांगितलं. ‘खालचं ज्याने केलं, तो कुठे गेला?’ असं विचारलं त्याने. नेला नाही. म्हणून तो दिवाणखान्यात आहे. थोरले मालक त्यानंतर वीस वर्षं जगले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. देखरेख काढली नाही. काही न बोलता माणसाला किती बोलता येतं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. तुला चार शब्दांत पाहिजे होतं, मी चार पानं लिहिली. माफी कागदावर मागणार नाही. समोर आलीस तर बघू, नाही आलीस तर राहिली.

ताई


शुक्रवार, १९ तारीख

कालचं पत्र टाकून आले आणि आज हे लगेच लिहितेय, कारण आज सकाळी कारखान्यात काय झालं ते तुला कळायला हवं.

चित्र उद्या जायचं होतं. सूनबाईने माझी कोबीची वेल काढून टाकली होती आणि दोन्हीकडे साधी डावी वेल बसवून ठेवली होती. ‘काकू, वेळ नाही उरला, हीच देऊ या. व्यवस्थित आहे.’ पडद्यावर बघितलं मी. खरंच व्यवस्थित होती. एक गाठ इकडे तिकडे नाही. तुझी पाचही पानं गेलेली. आणि खाली चिठ्ठीवर माझं नाव.

मी म्हटलं, ‘पाठवू नकोस.’ तिने विचारलं का. खुर्चीत बसूनच सांगितलं मी, सगळं, खरेदीदार, सुरी, सगळं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘काकू, हे आधी नाही का सांगायचं?’ मी म्हटलं, ‘कधी आधी? गेल्या आठवड्यात, की बावीस वर्षांपूर्वी?’ तिला हसू आलं नाही. मला वाटलं होतं येईल.

तिने चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं. पुसलं म्हणायचं, तिथे खोडत नाहीत, पुसलं की पांढरं होतं. म्हणाली, ‘मग नाव काय घालू?’ मी तुझं सांगितलं, माहेरचं. तिने उजवीकडे घातलं. मग माझं डावीकडे. मधे जागा ठेवली. मग तिने गिरणीला फोन लावला. ते लोक काय, त्यांना यंत्र चालू करायचंय. अर्धवट चित्र घेत नाही म्हणाले. सोमवार, एकोणतीस तारखेपर्यंत थांबायला तयार झाले, त्यापुढे नाही. रोज आम्हा दोघींसाठी दोन चहा मागवते सूनबाई, आज एकच मागवला. कदाचित तिच्या लक्षात राहिलं नसेल. मला वर्षअखेरपर्यंत ठेवतात की नाही, ते मी विचारलं नाही. हे तुला भीड घालायला लिहीत नाही. तुझ्या उत्तराने त्याच्यात काही फरक पडत नाही.

आता नीट वाच. या पत्रासोबत छापलेला कागद आहे, नीट उघड, घडीवर रंग पुसट झालाय. डावीकडे माझी नऊ पानं. उजवीकडे तुझी पाच, तुझ्या गाठींप्रमाणे, मी फोटोवरून एकेक मोजून भरली. दोनदा मोजली. त्याच्या वर कोऱ्या चौकटी सोडल्यात, देठाच्या दोन्ही अंगाला, किनारीपर्यंत. एक चौकट म्हणजे एक गाठ, तुला सांगायला नको. रंगीत पेन्सिली नसतील तर आकडे लिही, एक म्हणजे लाल, दोन पिवळा, तीन निळा. आणखी कुठला रंग हवा असेल तर त्याचं नाव लिही. मी विचारणार नाही का म्हणून. तू लिहिशील ते मी तसंच्या तसं उतरवीन. आता तू रंग सांगायचे आणि मी मारायचे.

हात थरथरत असेल, चष्मा लागला असेल, तर लेकीला सांग आणि तिच्याकडून लिहून घे. आठवत नसेल तर तसं लिही, पण खरं लिही. चार शब्दांत दुसऱ्याचं पितळ उघडं पाडणाऱ्या बाईला स्वतःचं पान आठवत नाही, हे मला पटणार नाही.

आणि तुला द्यायचंच नसेल तर तेही कळव. तेव्हा जे विणलंस ते तुझं आहे, माझं नाही आणि कारखान्याचंही नाही. तू म्हणालीस की पाचांवरच थांबव, तर सूनबाई गालिचा तेवढाच आखूड करेल, मी विचारून ठेवलंय. तू म्हणालीस की माझी बाजू काढूनच टाका, माझं नाव नको, तर तीही काढू. तुझ्या शब्दावर होईल. फक्त शब्द पाहिजे. गप्प राहिलीस तर काय होईल ते सांगते. सोमवारी दुपारी ती डावी बाजू उचलेल, उलटवेल आणि उजवीकडे ठेवेल, खटकन, आणि यंत्र सुरू होईल. तुझी पाच पानं दुसऱ्यांदा जातील. या वेळी माझ्या हातात सुरीसुद्धा नसेल, आणि तरी ती मीच काढली असं होईल.

सहाव्या पानात निळा कशाला होता? बावीस वर्षं मी त्यावर विचार करतेय. फूल होतं का? आभाळ मागून दिसत होतं का? की पान वाळत चाललं होतं? रागाच्या भरात उसवताना मी बघितलं नाही असं कालच्या पत्रात लिहिणार होते, पण तेही खोटं झालं असतं. बघितलं. चार बोटं पट्टीत जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि काही उमगलं नाही. तू पुढे काय करणार होतीस, एवढं सांग मला. गिरणीला नाही सांगितलंस तरी चालेल.

कागद परत यायला चार दिवस लागतात. बुधवारी टाक, उशीर करू नकोस. सोमवार, एकोणतीस तारखेला दुपारी बाराच्या आत मला उत्तर पाहिजे.

ताई